पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली व आपलीं राष्ट्रीय उद्यानें

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही राजगडावर गेलों होतों. भोरहून नसरापूर, मार्गासनी करीत गुंजवणें गांठावें आणि तेथून चोरदरवाजाच्या वाटेनें पद्मावती माचीवर चढावें, हा आमचा नेहमींचा क्रम. ही वाट रानांतून जाते. अर्धा चढ झाला असेल नसेल, तोंच मागून मुलांचा गलका ऐकूं आला. एका मुलानें खिशांतील बेचकी काढून झाडावरचें एक लहानसें पांखरूं पाडलें होतें. आम्ही मागें जाऊन पाहतों, तों तें त्याच्या तळहातावर निपचित पडलेलें. अंग हिरवट पिवळें, पोट पांढुरकें, आणि डोळ्यांभोंवतीं पांढरें शुभ्र कडें. आम्हीं बेचकी काढून घेतली, चार मुलांदेखत त्याची चांगली खरडपट्टी काढली, आणि तें पांखरूं झुडपांत टाकून देण्यास सांगितलें.

माचीवर पोंचल्यावर भाकरी सोडून सारे जण बसले, तेव्हां तो मुलगा हळूच आमच्याजवळ आला आणि त्या पांखराचें नांव काय, असें त्यानें विचारलें. खरें सांगावयाचें तर आम्हांस तें ठाऊक नव्हतें. ठाऊक नाहीं असें म्हणण्याचें धैर्यही त्या वेळीं झालें नाहीं. नांवाची चौकशी मारण्यापूर्वीं करावयाची असते, असें कांहींतरी बोलून आम्हीं त्याला गप्प केलें. तो परत जाऊन आपल्या जागीं बसला, व सहल संपेपर्यंत कोणाशीं फारसा बोलला नाहीं.

घरीं आल्यावर मनास चैन पडेना. शाळेच्या ग्रंथालयांत डॉ. सलीम अली यांचें पक्ष्यांवरील पुस्तक होतें, तें काढून पाहिलें. तो पक्षी चष्मेवाला होता. पुस्तकामागून सलीम अलींचें चरित्र वाचावयास घेतलें. आणि आरंभींच्याच पानांत अशी एक हकीकत भेटली, कीं आपण गडाच्या वाटेवर केवढी चूक केली, तें आमच्या ध्यानांत आलें. तें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस कळावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस झाला. आईबापांच्या दहा मुलांतील ते शेवटचे. वर्षाचे असतांना वडील वारले, तीन वर्षांचे असतांना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतें. त्यांनीं बहिणीचीं हीं पोरकीं लेंकरें खेतवाडींतील आपल्या घरीं पोटच्या मुलांप्रमाणें वाढविलीं. सुटींत हें कुटुंब चेंबूरास जात असे. आजचें चेंबूर पाहणारास खरें वाटणार नाहीं, पण त्या काळीं तेथें झाडी होती व पक्ष्यांची वस्ती दाट होती. मामा शिकारीचे शौकी. त्यामुळें मुलांच्या हातीं छऱ्यांची लहान बंदूक लवकर आली. सलीमच्या मनांत त्या वेळीं पक्ष्यांविषयीं विशेष दया होती असें नाहीं. नेम साधणें हाच खेळ होता.

दहाबारा वर्षांच्या वयांत त्यानें अशीच एक चिमणी पाडली. ती उचलून पाहतो तों नेहमींच्या घरचिमणीहून वेगळी; गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी, असें त्यानें मामांना विचारलें. मामांना उत्तर आलें नाहीं. परंतु त्यांनीं मुलाला रागें भरलें नाहीं, कीं थापही मारली नाहीं. मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी नांवाची एक संस्था होती, तिचे ते सभासद होते. संस्थेचे चिटणीस मिलर्ड साहेब यांच्या नांवें चिठ्ठी देऊन त्यांनीं मुलाला चिमणीसह तिकडे पाठविलें. गोऱ्या साहेबाच्या कचेरींत पाऊल टाकतांना मुलाची छाती धडधडत होती. मिलर्ड साहेबांनीं चिमणी पाहिली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असें सांगितलें, आणि तेवढ्यावर न थांबतां कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेल्या शेंकडों पक्ष्यांचा संग्रह त्या पोराला दाखविला. पक्ष्यांची कातडी कशी सोडवावी, ती कशी टिकवावी, टिपणें कशीं ठेवावीं, हें पुढें त्यानें तेथेंच शिकून घेतलें. एका मेलेल्या चिमणीनें एक आयुष्य मार्गास लावलें. तिच्या ठिकाणीं सलीमला आमच्यासारखा शिक्षक भेटता, तर काय झालें असतें, हा विचार आम्हांस अजून सोडीत नाहीं.

ही संस्था आपल्यास परकी आहे असें कोणी समजूं नये. १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं ती स्थापिली. त्यांत प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. संस्थापकांपैकीं दुसरे एक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हे ईहा या टोपणनांवानें लिहीत. त्यांचा जन्म १८५१ त सातारा येथें एका स्कॉटिश मिशनरी घराण्यांत झाला होता, व तरुणपणीं त्यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें होतें. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक मिलर्ड साहेबांनीं सलीमच्या हातीं दिलें. अशा रीतीनें साताऱ्यास जन्मलेल्या एका मिशनऱ्याच्या मुलाचें पुस्तक खेतवाडींतील एका पोरक्या मुसलमान मुलाचें पहिलें पाठ्यपुस्तक झालें.

आतां शाळेविषयीं. सलीमचें प्राथमिक शिक्षण गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत, दोन बहिणींच्या जोडीनें झालें. पुढें तो सेंट झेवियर्स शाळेंत गेला. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला डोकेदुखी जडली, वर्ग बुडूं लागले, आणि हवापालटासाठीं सिंधमध्यें एका नातलगाकडे पाठवावें लागलें. १९१३ सालीं मॅट्रिकची परीक्षा तो कशीबशी पास झाला. कॉलेजांत पहिलेंच वर्ष इतकें जड गेलें, कीं शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशांत तवायकडे घरच्या खाणीच्या व लांकडाच्या धंद्यावर गेला. धंद्यांत त्याचें मन लागलें नाहीं. भोंवतालच्या अरण्यांत मात्र लागलें. १९१७ त परत आल्यावर त्यानें व्यापारी कायदा व हिशेब शिकण्यासाठीं नांव घातलें. परंतु सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर ब्लॅटर यांनीं या तरुणाची खरी आवड ओळखली, व प्राणिशास्त्र शिकण्यास त्याचें मन वळविलें. सकाळीं हिशेबाच्या वह्या आणि त्यानंतर प्राणिशास्त्र, असा त्याचा दिवस जाऊं लागला. डिसेंबर १९१८ मध्यें तेहमीना बेगम यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

विश्वविद्यालयाची रीतसर पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांतील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाहीं. १९२६ त मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमच्या निसर्गविभागांत प्रेक्षकांस माहिती सांगणारा व्याख्याता म्हणून ते नेमले गेले. दोन वर्षांत त्यांना आपल्या ज्ञानाची उणीव जाणवूं लागली. म्हणून रजा घेऊन ते जर्मनीस गेले, व बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय म्यूझियममध्यें प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्राचे धडे घेऊं लागले. १९३० त परत येऊन पाहतात तों पैशाच्या टंचाईमुळें त्यांची जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, हातीं विद्या, आणि पोटास उद्योग नाहीं.

अशा वेळीं मुंबईस राहणें परवडेना, म्हणून हें जोडपें अलिबागजवळ किहीम या समुद्रकांठच्या गांवीं एका लहान घरांत राहावयास गेलें. पावसाळा लागतांच घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनीं घरटीं विणण्यास आरंभ केला. सुगरणीचें घरटें आपल्या मुलामुलींनीं भाटघरच्या कांठीं व नीरेच्या तीरावर बाभळीवर लोंबतांना शंभरदां पाहिलें असेल. सलीम अलींनीं तें आडोशामागें बसून दिवसामागून दिवस पाहिलें, आणि जें पाहिलें तें लिहून ठेवलें. घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें कीं माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडलें तर ती आंत राहावयास येते, आणि मग नर तें पुरें करतो. तेवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. तो शेजारीं दुसरें घरटें विणूं लागतो व दुसरी मादी आणतो. न पटलेलीं घरटीं तशींच अर्धवट लोंबत राहतात. त्यापूर्वीं लोकांनीं या अर्धवट घरट्यांविषयीं नाना तर्क लढविले होते. नोकरी गेलेल्या माणसानें एका पावसाळ्यांत तें कोडें सोडविलें. आणि त्या निबंधानें त्यांचें नांव शास्त्रज्ञांत झालें. त्यासाठीं त्यांना लागलीं तीं साधनें म्हणजे डोळे, वही, पेन्सिल आणि धीर.

पुढें त्यांनीं एक नवा मार्ग काढला. संस्थानांनीं प्रवासाचा खर्च सोसावा, आणि आपण वेतन न घेतां त्यांच्या मुलखांतील पक्ष्यांची पाहणी करून द्यावी, असा तो ठराव. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशीं संस्थानें त्यांनीं तंबू ठोकीत पालथीं घातलीं. तेहमीनाबाई शहरांत व विलायतेंत वाढलेल्या. पण बैलगाडीचा प्रवास, रानांतील मुक्काम, चुलीचा धूर, हें सारें त्यांनीं हंसतमुखानें पत्करलें, व पतीच्या इंग्रजी लेखनावर शेवटचा हातही त्या फिरवीत. १९३९ त एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात् निवर्तल्या. सलीम अली त्या वेळीं बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनीं पुन्हां संसार मांडला नाहीं. ते बहीण व मेहुणे यांच्या घरीं राहिले, आणि उरलेलीं अठ्ठेचाळीस वर्षें त्यांनीं कामांत घातलीं.

१९४१ त भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक निघालें. पक्ष्यांचीं रंगीत चित्रें आणि सामान्य वाचकास समजेल अशी भाषा, यांमुळें तें घरोघर गेलें. पुढें तुरुंगांत असलेल्या पंडित नेहरूंनीं त्याची एक प्रत नैनीच्या तुरुंगांतील आपल्या कन्येस, इंदिराबाईंस, धाडली. ही प्रत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें यावयाचें आहे. सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनीं भारत व पाकिस्तानांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या वर्षांत प्रसिद्ध झाला.

परंतु ग्रंथ लिहून पक्षी वांचत नाहींत. त्यांना जागा लागते. येथून राष्ट्रीय उद्यानांचा विषय सुरू होतो. राष्ट्रीय उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग नव्हे. जेथें झाड तोडावयाचें नाहीं, जनावर मारावयाचें नाहीं, जमीन नांगरावयाची नाहीं, असें कायद्यानें राखून ठेवलेलें अरण्य तें राष्ट्रीय उद्यान. जगांतील पहिलें अमेरिकेंत यलोस्टोन येथें १८७२ त झालें. आपल्या देशांतील पहिलें हिमालयाच्या पायथ्याशीं १९३६ त झालें, तें आज कॉर्बेट उद्यान म्हणून प्रसिद्ध आहे.

राजपुतान्यांतील भरतपुराजवळ केवलादेव नांवाच्या शिवालयाभोंवतीं एक पाणथळ जागा आहे. बंधाऱ्याचें पाणी आंत सोडून तेथील राजांनीं ती बदकांच्या शिकारीसाठीं राखली होती. १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारींत तेथें ४२७३ पक्षी पडले. तो आंकडा दगडावर कोरून ठेवला आहे, आणि जाणारेयेणारे तो आजही वाचतात. स्वातंत्र्यानंतर ही जागा कोरडी करून शेतीस द्यावी अशी मागणी आली. सलीम अलींनीं पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन ती वांचविली, व १९५६ त तें पक्ष्यांचें अभयारण्य ठरलें. पक्ष्यांच्या पायांत हलकीं कडीं अडकवून सोडण्याचें काम संस्थेनें तेथें केलें, तेव्हां भरतपुरांत हिंवाळा काढणारीं बदकें उन्हाळ्यांत सैबेरियापर्यंत जातात, याचा पुरावा हातीं आला. १९८२ त त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अवघ्या २९ चौरस किलोमीटरांत साडेतीनशेंहून अधिक जातींचे पक्षी तेथें आढळले आहेत. हिंवाळ्यांत पहांटे पाण्याच्या कडेच्या बांधावरून चालत जावें. चित्रबलाकांच्या वसाहतींनीं बाभळी भरून गेलेल्या दिसतात. सैबेरियांतील पांढरे क्रौंच मात्र आतां तेथें दिसत नाहींत. २००२ नंतर ते आले नाहींत.

भरतपुराचीच आणखी एक गोष्ट आहे, ती चरित्रकार सहसा दडपतात. पण ती सांगितल्याशिवाय हें चरित्र पुरें व्हावयाचें नाहीं. उद्यान झाल्यावर गुरें चारण्यास बंदी झाली. सलीम अलींचें मतही गुरें बाहेर असावीं असेंच होतें. आसपासचे गांवकरी पिढ्यान्‌पिढ्या तेथें म्हशी चारीत आले होते. त्यांनीं विरोध केला, पोलिसांनीं गोळी घातली, व कित्येक माणसें मेलीं. आणि झालें काय? म्हशी गेल्यावर पाण्यांत गवत बेसुमार माजलें, मोकळें पाणी आटत गेलें, आणि ज्या पक्ष्यांसाठीं हा खटाटोप, त्यांचीच संख्या घटूं लागली. हें शोधून काढलें कोणी? सलीम अलींच्याच संस्थेनें. १९८० पासून दहा वर्षें चाललेल्या तिच्या अभ्यासांतून, त्यांच्या पश्चात्, असें दिसून आलें, कीं चरणारीं जनावरें तळ्यास उपकारकच होतीं. थोर माणसाचेंही चुकतें. परंतु मोजून पाहावें, लिहून ठेवावें, आणि निघेल तें मान्य करावें, ही जी शिस्त त्यानें लावून दिली, तिनें त्याची स्वतःचीही चूक झांकली नाहीं. गेलेलीं माणसें मात्र कोणत्याही अभ्यासानें परत आलीं नाहींत, हेंही विसरतां कामा नये.

दुसरें उद्यान केरळांतील सायलेंट व्हॅली. पालघाट जिल्ह्यांत कुंतिपुळा नदीच्या खोऱ्यांत हें घनदाट सदाहरित अरण्य पसरलें आहे. सिंहासारखी आयाळ व गोंडेदार शेंपूट असणारें काळें वानर तेथें वस्ती करून आहे. या नदीवर विजेसाठीं धरण बांधण्याचें ठरलें होतें. त्याविरुद्ध केरळांतील शिक्षक, विद्यार्थी, कवि व शास्त्रज्ञ उठले. ऐंशीच्या घरांत आलेल्या सलीम अलींनीं खोरें पाहून धरण रद्द करण्याची विनंती केली. १९८३ त धरणाचा बेत सोडून देण्यांत आला, व १९८४ त तें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें. धरणाचा बेत सोडला गेला त्या वेळीं पंतप्रधानपदीं असलेल्या बाई म्हणजे नैनीच्या तुरुंगांत पक्ष्यांचें पुस्तक वाचणाऱ्या इंदिराबाई. पुस्तक कोणाच्या हातीं पडून काय फळ देईल, हें सांगतां येत नाहीं.

भोरच्या माणसाला धरणाविषयीं सवंगपणें बोलतां येत नाहीं. भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यानें बारामती, इंदापूर, फलटण या बाजूचीं रानें हिरवीं झालीं, आणि त्याच पाण्याखालीं वेळवंडीच्या खोऱ्यांतील घरें व शेतें गेलीं. आमच्या वर्गांत ज्यांच्या पणज्यांचीं शेतें बुडालीं अशीं मुलें आहेत, आणि कालव्याच्या पाण्यावर ज्यांचा ऊंस उभा आहे अशा घरांशीं सोयरीक असलेलींही आहेत. धरण वाईट आणि अरण्य चांगलें, एवढें सोपें गणित आम्ही मुलांस शिकवीत नाहीं. शिकवितों तें इतकेंच, कीं बुडणार काय, याचा हिशेब बुडण्यापूर्वीं करावा; आणि त्या हिशेबांत माणसें असावीं, तशींच बोलतां न येणारीं जनावरें व झाडेंही असावीं.

सरकारनें त्यांना १९५८ त पद्मभूषण व १९७६ त पद्मविभूषण दिलें. ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघाचें सुवर्णपदक १९६७ त ब्रिटिशेतर मनुष्यास प्रथमच मिळालें, तें त्यांना. पॉल गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनीं निसर्गरक्षणाच्या निधीस देऊन टाकली. १९८५ त ते राज्यसभेवर नेमले गेले, व त्याच वर्षीं त्यांचें आत्मचरित्र निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ चिमणीचें पतन असा आहे. हे शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकांतले. आणि नाटककारास ते सुचले मत्तयाच्या शुभवर्तमानांतील एका वचनावरून, ज्यांत क्षुल्लक किंमतीची चिमणीही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाहीं, अशा अर्थाचा बोध आहे. लहानपणीं पाडलेली चिमणी नव्वदीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा मनुष्य विसरला नव्हता. २० जून १९८७ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

महाराष्ट्रांत आज सहा राष्ट्रीय उद्यानें आहेत, व प्रत्येकाचें महत्त्व निराळें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा हें १९५५ पासूनचें, सर्वांत जुनें. बांबूच्या बेटांतून व तळ्याच्या कांठीं वाघ दिसण्याचा संभव तेथें पुष्कळ, आणि तळ्याशेजारीं गोंड लोकांच्या देवाचें ठाणें आहे, ज्याच्या नांवावरून अरण्यास नांव पडलें. गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांवास जावें तें कोहळी लोकांच्या पूर्वजांनीं बांधलेल्या विस्तीर्ण तलावासाठीं, व त्यावर हिंवाळ्यांत उतरणाऱ्या पक्ष्यांसाठीं. नागपुराकडील पेंच तेथील नदीसाठीं व सागवानाच्या रानासाठीं पाहावें. मेळघाटांतील गुगामल म्हणजे सातपुड्याच्या दऱ्या, गवे, व रानपिंगळा. हा पिंगळा शंभरांहून अधिक वर्षें नाहींसा समजला जात होता, तो १९९७ त नंदुरबार जिल्ह्यांत पुन्हां सांपडला व मागाहून मेळघाटांतही आढळला. बोरिवलीचें उद्यान मुंबईच्या वस्तीला खेटून आहे. कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं, तुळशी व विहार हे तलाव, आणि रात्रीं शहराच्या दिव्यांकडे पाहणारे बिबळे, असा योग अन्यत्र क्वचितच आढळेल. आणि आपल्यास सर्वांत आपलेंसें वाटेल तें चांदोली. तें २००४ त झालें. वारणेचा वसंतसागर, प्रचितगड, आणि सह्याद्रीचें सदाहरित रान तेथें एकत्र आहे. युनेस्कोच्या जागतिक वारशांत त्याची गणना २०१२ त झाली.

भोर व वेल्हे येथें राष्ट्रीय उद्यान नाहीं. परंतु त्याची कल्पना आपल्या डोंगरांस नवी नाहीं. गांवोगांवच्या देवराया पाहा. देवाच्या रानांत कुऱ्हाड चालवूं नये, काटकीही उचलूं नये, हा नियम कोणत्याही कायद्यापूर्वींचा आहे, व जेथें तो अजून पाळला जातो, तेथें शेजारचा डोंगर उघडा पडला तरी तेवढी जागा गर्द राहिली आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत, आरमारासाठीं लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंब्याफणसाला तिच्या संमतीवांचून हात लावूं नये, असा दंडक घातला आहे. राजगड व तोरणा पाहण्यास जावें तें शिवाजी महाराजांच्या पराक्रमासाठीं तर खरेंच. पण सुवेळा माचीच्या नेढ्यांत बसून दरींत तरंगणारा शिकरा पाहावा, तोरण्याच्या रानांत पावसाळ्यांत शीळकरी कस्तुराची शीळ ऐकावी, आणि पाऊस उघडल्यावर रायरेश्वराच्या पठारावरील फुलें न तोडतां पाहावीं, यासाठींही जावें.

वडील मंडळींस आमची एक विनंती आहे. मॅट्रिक कसाबसा पास होणारा, कॉलेज सोडणारा, धंद्यांत न रमणारा मुलगा आपल्याही घरीं असूं शकतो. त्याला नालायक ठरविण्यापूर्वीं तो एकटा असतांना काय पाहत बसतो, याची चौकशी करावी. अमीरुद्दीन मामांना त्या चिमणीचें नांव येत नव्हतें; परंतु नांव येणाऱ्या माणसाकडे मुलाला कसें धाडावें, हें त्यांना येत होतें.

त्या राजगडच्या सहलींतील मुलाला आम्हीं पुढल्याच आठवड्यांत बोलावून घेतलें. पांखराचें नांव सांगितलें, पुस्तकांतील चित्र दाखविलें, आणि त्या दिवशीं आपल्यास तें ठाऊक नव्हतें हेंही कबूल केलें. तो बराच वेळ चित्राकडे पाहत उभा राहिला. बेचकी परत देण्यास आम्ही तयार होतों; त्यानें ती मागितली नाहीं, पुस्तक मात्र घरीं नेण्यास मागितलें. यंदा रायरेश्वराच्या सहलीस तो आला, तेव्हां त्याच्या खिशांत एक वही होती. संध्याकाळीं त्यानें ती आमच्यापुढें ठेवली. तींत सतरा पक्षी लिहिले होते. चौदांचीं नांवें होतीं, आणि तिहींपुढें रंग, आकार व चोंच यांचें वर्णन करून नांवाची जागा कोरी सोडली होती. तीं तीन नांवें आम्हांसही आलीं नाहींत. तीं आम्ही दोघे मिळून शोधीत आहों.